टाके निघाले, तरी काम बाकी होते

माझ्या थोरल्या नातवाचा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला होता. बारशाच्या आधीच आळीतल्या बाया ओसरीवर जमल्या आणि सुनेने ग्रहणात विळी हातात धरली असेल, असा निवाडा देऊन मोकळ्या झाल्या. सून भिंतीकडे तोंड करून पडून राही. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले, की बाळाचा ओठ गर्भाच्या ४ ते ७ आठवड्यांतच जुळतो. तेव्हा पुष्कळदा दिवस गेल्याचा आईलाच पत्ता नसतो. तिने पाळायचे तरी काय? मी हे बायांना सांगितले आणि तो विषय आमच्या ओसरीवर बंद केला.

बाळ ४ महिन्यांचे झाले, वजन ५ किलोंवर गेले, रक्त तपासले, मग ऑपरेशन झाले. दीडेक तासात ते आटोपले. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो आणि खरे काम सुरू झाले.

बाळाचा हात सारखा तोंडाकडे जाई. म्हणून दवाखान्यात दिलेल्या पट्ट्या दोन्ही कोपरांना बांधायच्या आणि मधूनमधून एकेक हात सोडून हलवायचा. दूध वाटी-चमच्याने पाजायचे. पाजून झाले, की उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून टाके नुसते टिपायचे, चोळायचे नाहीत. वर सांगितलेले मलम. शेजारीण हळद-तूप घेऊन आली, तिला चहा पाजून परत पाठवले. विहीणबाईंना तीट लावायची होती, ती तळपायाला लावू दिली. झोळी चुलीच्या धुरापासून लांब, पडवीत बांधली.

सातव्या दिवशी टाके निघाले. पेढे वाटले. पण दुसऱ्या महिन्यात व्रण लाल झाला, बोटाला टणक लागू लागला, ओठ वर ओढल्यासारखा दिसू लागला. "बिघडलं बघा," अशी कुजबुज सुरू झाली. सून पुन्हा बाळाच्या तोंडावर पदर धरू लागली. आम्ही बाळाला दाखवून आणले. डॉक्टर म्हणाले, पहिले दोन-तीन महिने व्रण असाच आवळतो, मऊ आणि फिका पडायला वर्ष लागते. तोवर हलक्या बोटाने चोळा, उन्हात नेऊ नका. चोळण्याचे काम मुलाने अंगावर घेतले. रानातून आला, की हात साबणाने धुऊन तो बाळाला मांडीवर घेई. नांगर धरणाऱ्या बोटांना इतके हलके होता येते, हे मी तेव्हा पाहिले.

आज नातू पहिलीत आहे. ओठावर बारीक रेघ राहिली आहे. सून आता चारचौघांत त्याला घेऊन मोकळेपणी वावरते.

कुणाच्या घरी असे मूल असेल, तर अंगणवाडीताईंना विचारा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात यावर मोफत उपचार मिळतात. टाळूही फाटलेली असेल, तर तिचे ऑपरेशन वेगळे असते. ते साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात. बोलणे स्पष्ट व्हायला ते वेळेवर व्हावे लागते, म्हणून ते टाळू नका. आणि बाळंतिणीला दोष देऊ नका. पुढचे सगळे तिलाच निभावायचे असते.