दुप्पट खाशी

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या घरात टोमण्यासारखीच फेकली जायची. आजीचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. शिवाय जबलपूरचं घर, त्यामुळे संध्याकाळी कुणीतरी कमानिया गेटकडून खव्याची जिलबी आणायचंच. जिथे मैद्याऐवजी आरारूट घालतात तिथली उपासाला चालते, यावर घरात एकमत होतं. आजोबा तिच्या पानाकडे बघून म्हण म्हणायचे आणि आजी शांतपणे जेवत राहायची.

गेले काही दिवस ही म्हण माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्यात खरंच ढोंगावर बोट ठेवलंय, की कुणीतरी फार पूर्वी शरीराचा एक स्वभाव ओळखून ठेवलाय? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा अन्नावर कसं आणावं, हे त्यांना शोधायचं होतं. त्या तरुणांचं वजन साधारण चौथ्या हिश्शाने उतरलं. मला मात्र वजनापेक्षा पुढची हकिगत अस्वस्थ करते. ती मुलं दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, काही तर पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसली. बंधन सैल झाल्यावर पोट भरून ओसंडलं तरी कित्येकांची भूक शमेना. आणि ही कच्च्या मनाची माणसं नव्हती. विवेकाला पटत नाही म्हणून युद्धात शस्त्र धरायला नकार देणारी, स्वतःहून प्रयोगाला आलेली माणसं होती. त्यांच्या निर्धाराबद्दल कोण शंका घेणार? तरीही दुप्पट खाशी त्यांच्याही वाट्याला आलंच.

नागपूरकडच्या आमच्या नातेवाइकांत सध्या दोन वेळांचं जेवण चालतं. डॉ. श्रीकांत जिचकारांनी व्याख्यानांतून मांडलेली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी पोचवलेली ही पद्धत: कडकडून भूक लागेल त्या दोन वेळी, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मधे काही नाही. काहींना तिचा खरोखर गुण आलाय. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात की घरचा भात, तूप, आपल्या भागात पिकतं ते न घाबरता खा. माझं मन या बाजूला ओढ घेतं. पण नियमाला एकदाच हो म्हणावं लागतं. बेताने खायचं म्हटलं की प्रत्येक पानावर नव्याने ठरवावं लागतं, आणि दिवसभराच्या दमणुकीनंतर रात्री आठ वाजता ठरवण्याची ताकद कुणात उरते?

अशा वेळी मला आमच्या जबलपूरचे अमृतलाल वेगड आठवतात. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले, इथे चित्रकला शिकवणारे वेगड. नर्मदा परिक्रमेचा परंपरेतला नेम कडक: ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवस, वाटेत नदी ओलांडायची नाही, सदाव्रतात किंवा भिक्षेत मिळेल त्यावर राहायचं. वेगडांना नोकरी होती, संसार होता. पन्नाशीच्या तोंडाशी, १९७७ मध्ये ते जबलपूरहून मंडल्याकडे चालत निघाले. चालणं थांबवून घरी यायचं, पुन्हा सवड मिळाली की सोडलं होतं तिथून पुढे जायचं. असं वर्षानुवर्षं चाललं. नेमाने पाहिलं तर ही परिक्रमा तुकड्यांची. पण त्या तुकड्यांतून ‘सौंदर्य की नदी नर्मदा’सारखी पुस्तकं आली, रेखाटनं आली, कोलाज आली. २०१८ मध्ये ते गेले. खंड पडला म्हणून त्यांची नदी उणी राहिली, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. उलट, थांबायची मुभा होती म्हणूनच काठावर बसून चित्र काढण्याइतका वेळ त्यांना मिळाला असेल.

हे लिहिलं आणि इथल्या नर्मदेच्या ग्वारीघाटावर दिसणारे परिक्रमावासी डोळ्यांपुढे आले. त्यांच्यावर मी अन्याय करतेय का? कुणी पीठ देतं, कुणी डाळ, कुणी मीठ. जे झोळीत पडेल ते शिजवायचं, खायचं, उठायचं. आवडनिवड नाही, म्हणून तगमगही नाही. पथ्यावर असलेल्या माझ्या ओळखीच्या कुणाच्याही चेहऱ्यावर ती निश्चिंती मी पाहिलेली नाही. मग काच कडकपणाचा होतो, की नेम आपणच आपल्यासाठी, स्वतःला कमी करायला घालून घेतो, त्याचा? आजीचा नेम पंचांगातून यायचा. तो तिने केलेला नव्हता आणि काट्यावर उभं राहून तिने तो कधी तपासला नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं असायचं. उपास सोडणं हाही नेमाचाच भाग होता. मोडण्याची जागा नेमातच राखलेली असेल तर मोडल्याची खंत कुठून येणार?

हे पटवून घ्यावं असं फार वाटतं. पण आजीला उतारवयात साखर निघाली, हेही खरं. साबुदाणा आणि जिलबीचा त्यात किती वाटा, किती वयाचा, किती घराण्याचा, कोण सांगणार? तिच्या निश्चिंतीचा आधार घ्यावा तर तिचं इन्सुलिन आठवतं, आणि नागपूरकरांच्या घड्याळाचा आधार घ्यावा तर मिनेसोटातली ती पाककृती वाचणारी मुलं. वेगडांना निदान पुन्हा कुठून सुरुवात करायची ते माहीत असायचं, मागच्या वेळी सोडलेला घाट तिथेच असायचा. जेवणात खंड पडल्यावर परत यायचं ते नेमकं कुठे? कालच्या पानाशी, की पुढच्या भुकेशी? आणि भूक लागली आहे हे तरी मला अजून नीट ओळखता येतं का?