शरदातली आवक

वर्षा ऋतू दोन महिन्यांचा, असे पंचांग म्हणते. ते बहुधा घाटाखाली बसून लिहिले गेले असावे. इगतपुरीस ज्येष्ठात एकदा ढग सह्याद्रीच्या माथ्यावर टेकले, की आश्विन उजाडेपर्यंत ते उठण्याचे नाव घेत नाहीत. आणि त्या अवधीत भिंतींना ओल, मिठाला पाणी व कपड्यांना दमट वास अशी जी अवस्था घरोघर होते, तीच सार्वजनिक वाचनालयातील ग्रंथांच्याही वाट्यास येते. पुठ्ठे फुगतात, कापडी बांधणीवर पांढुरकी बुरशी चढते, लाकडी कपाटांची दारे उघडली तर मिटत नाहीत व मिटली तर उघडत नाहीत. म्हणून भाद्रपद सरतासरता पहिले स्वच्छ ऊन पडले, की ग्रंथपाल सारी कपाटे सताड उघडी टाकतात, व्हरांड्यात सतरंजी अंथरतात आणि त्यावर ग्रंथ उभे मांडून ठेवतात. तेही थेट उन्हात नव्हे, उन्हाच्या कडेला, कारण भर उन्हात ओला पुठ्ठा वाकडा होतो व पुन्हा सरळ होत नाही. कसरीने पाडलेली भोके मऊ कुंचल्याने झाडली जातात, जुन्या डांबरगोळ्यांच्या जागी नव्या येतात, आणि मग रिकाम्या झालेल्या पुढच्या फळीवर नव्या आवकेसाठी जागा धरली जाते.

नियमित ग्रंथखरेदी वास्तविक मार्चअखेरीस होते, कारण सरकारी अनुदानाचा हप्ता आणि हिशेबाचे वर्ष यांचे नाते ऋतूंशी नसून खतावणीशी असते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमान्वये राज्यातील वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली आहेत व ज्याच्या त्याच्या वर्गाप्रमाणे तरतूद मंजूर होते. त्या तरतुदीतून येणारे ग्रंथ उन्हाळ्याच्या तोंडी निमूटपणे दाखल होतात व निमूटपणेच फळीवर जाऊन बसतात. ज्याची वाट पाहिली जाते, ज्यासाठी सभासद दसऱ्यापासूनच चौकशीस येऊ लागतात व नेहमीच्या वर्गणीखेरीज निराळी वर्गणी खळखळ न करता भरतात, ती आवक दिवाळी अंकांची. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा या एका प्रयोगापायी शरद ऋतू हाच मराठी वाचकाचा सुगीचा हंगाम ठरून जाईल, अशी कल्पना त्यांना तरी होती की नाही, कोण जाणे.

या हंगामाचा माल आमच्याकडे पूर्वापार घाट चढून यावयाचा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे; मुंबईहून निघालेला लोहमार्ग थळघाट ओलांडून इगतपुरीस पोहोचला तो १८६५ साली; म्हणजे जिल्ह्यात वाचनालय आधी आले आणि आगगाडी नंतर, ही गोष्ट रेल्वेचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या गावास सांगितलेली फारशी आवडत नाही. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतचे अंतर सुमारे १५ किलोमीटरचेच, परंतु चढ असा की दर ३७ फुटांस एक फूट उंची गाठावी लागते. त्यामुळे कसाऱ्यास गाडी उभी राहते, मागून बँकर इंजिने लागतात, आणि त्यांनी रेटा दिल्यावर बोगद्यामागून बोगदे टाकीत ती वर येते. मुंबईच्या छापखान्यांतून निघालेले अंकांचे गठ्ठे या रेट्यानिशीच गावात उतरत. आता ते बहुधा मोटारीने व नाशिकच्या विक्रेत्यामार्फत येतात. सोय झाली हे खरे; पण कथा-कविता वर चढविण्यासाठी मागून जादा इंजिने लावावी लागतात, यातली गंमत मोटारीला नाही.

गठ्ठा सुटला, की शाईचा व खळीचा जो संमिश्र गंध दरवळतो तो ओसरण्याच्या आत दप्तराचे काम सुरू होते. आवक नोंदवहीत तारीख, नाव, किंमत व विक्रेता असे रकाने भरले जातात. दाखल क्रमांक पडतो. वाचनालयाचा गोल शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस, शेवटच्या पानावर व आणखी एका ठरावीक गुप्त पानावर उमटतो. (ते पान कोणते, हे मला ठाऊक आहे व सांगण्याचा अधिकार नाही.) पिना दोन वाचकांतच सुटतात, म्हणून दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याची शिवण घालतात, वर खाकी कागदाचे वेष्टण चढते आणि त्यावर निळ्या शाईत नाव लिहिले जाते. चित्रकाराने कष्टाने रंगविलेली मुखपृष्ठावरील ललना अशा रीतीने खाकी वेषात रुजू होते, आणि शिक्का बसला त्या क्षणापासून ती कोणा एकाची न राहता साऱ्या गावाच्या ताब्यात जाते.

खंडेनवमी-दसऱ्यास रेल्वेच्या कारखान्यांत इंजिनांना व अवजारांना झेंडूच्या माळा चढतात. तशाच त्या वाचनालयातही एका टेबलावर मांडलेल्या ग्रंथांना चढतात, आणि पाटीवर सरस्वती काढली जाते. पूजेतला ग्रंथ त्या दिवशी उघडावयाचा नाही, हा शिरस्ता पाळणे नव्या अंकांच्या बाबतीत मात्र जड जाते. न वाचण्याचा याहून कडक शिरस्ताही गावात आहे: एका टेकडीवर १९७६ पासून धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. तेथे देशोदेशींचे साधक येतात व दहा दिवस बोलणेच काय, वाचणे-लिहिणेही वर्ज्य करतात. मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण आश्विनात येणाऱ्यांच्या निग्रहाविषयी तो किंचित अधिक आहे.

अंक देवघेवीस खुले झाले, की जी झुंबड उडते तिच्यात गावाचे अंतरंग दिसते. रात्रपाळी संपवून आलेला ड्रायव्हर रहस्यकथांचा अंक मागतो, निवृत्त मास्तर प्रथम वैचारिक लेखांची अनुक्रमणिका पाहून मग ती परत ठेवतात, आणि भात निसवला असता वाचायला सवड कुठली, असे म्हणत म्हणत एखादा शेतकरी तीन अंकांवर आपले नाव लावून जातो. राशिभविष्य मात्र सारेच वाचतात व कोणीच कबूल करीत नाही. परत आलेल्या अंकात सर्वांत मळकी पाने तीच असतात. ‘आवाज’च्या अंकातील खिडकीचित्रांची गत त्याहून निराळी. १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या या अंकात पानाला खिडकी कापलेली असते. वरून भलताच संशय यावा आणि पान उलटताच निष्पाप दृश्य निघावे, असा तो मामला. घरच्या अंकात ही खिडकी वर्षभर टिकते. वाचनालयाच्या अंकात कार्तिकातच तिचे तावदान निखळते, आणि पुढील वाचकांस संशयाविनाच निष्पापतेचा लाभ होतो.

विकत घेतलेला अंक चार दिवसांत संपतो, वा न संपता उशाशी पडून राहतो; वाचनालयातला अंक सात दिवसांच्या मुदतीने या घरून त्या घरी जात राहिल्याने त्याची दिवाळी पार शिमग्यापर्यंत चालते. कोणी कथेच्या शेवटाशी पेन्सिलीने ‘छान’ लिहितो, त्याखाली दुसरा कोणी ‘अजिबात नाही’ असे लिहितो. हा दंडास पात्र गुन्हा आहे, पण समीक्षेचा इतका प्रामाणिक नमुना मासिकांतून क्वचितच आढळतो. फाल्गुनात सारे अंक परत आले म्हणजे कोणते बांधणीस द्यावयाचे व कोणते अर्ध्या किमतीत विकावयाचे, याचा निर्णय कार्यकारी मंडळ घेते. मंडळाचा कल नेहमीच गंभीर अंकांकडे असतो; ते कोरे करकरीत राहिलेले असल्याने बांधणी सुबक होते, हेही कारण असावे. माझे मत कोणी विचारीत नाही, पण विचारलेच तर मी सांगेन, की ज्याची शिवण उसवली आहे, वेष्टण दोनदा बदलले आहे आणि खिडक्या गळून पडल्या आहेत, तो अंक आधी बांधा. पुढल्या शरदात जुना अंक मागायला येणारा इसम तोच मागणार आहे.