वीस पावलं

त्या मावशींच्या मनगटाला प्लास्टर पडलं त्या दिवसापासून मी पावलं मोजत चालतो. घरात, रस्त्यावर, मंडईत. विसावं पाऊल पडलं की आपोआप थांबतो आणि मागे वळून बघतो.

वीस पावलं हा माझा अभिमान होता. छोटे गोल्फ कोर्स आखण्यात माझी तीस वर्षं गेली. वीस-पंचवीस एकरांची जागा, नऊ होल, त्यातलं एखादंच सव्वाशे मीटरच्या पुढे जाणारं. अशा कोर्सवर वेळ खेळण्यात कमी आणि चालण्यात-खोळंबण्यात जास्त जातो. म्हणून ग्रीनवरून, म्हणजे होल संपतं त्या बारीक कापलेल्या गवतावरून, पुढच्या टीपर्यंत, म्हणजे पुढचं होल सुरू होतं त्या जागेपर्यंत, वीस पावलांच्या वर कुणाला चालायला लावायचं नाही, हा माझा नेम. मालकांना मी तो ठासून सांगायचो. शिकायला आलेल्यांच्या वहीत पहिल्याच दिवशी लिहून द्यायचो. त्याला मी इतिहासाचा आधारही जोडला होता. १७४४ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथच्या खेळाडूंनी जे पहिले लेखी नियम केले, त्यातला पहिलाच नियम असा, की होलपासून एका काठीच्या अंतरात पुढचा चेंडू मांडायचा. म्हणजे ग्रीन आणि टी हे मुळात एकच. मी फक्त ते पुन्हा जवळ आणत होतो, असं मी म्हणायचो आणि लोक माना डोलवायचे.

मावशींना लागलं त्या कोर्सवर चौथ्या ग्रीनच्या मागे पाचवा टी होता. अंतर सतरा पावलं. टीच्या उतारावर तिघीजणी लव्हाळा काढत बसल्या होत्या. ऐंशी मीटरवरून एकाने वेज, म्हणजे आखूड काठी, मारला. काठीची धार चेंडूच्या खालून शिरण्याऐवजी त्याच्या पोटावर बसली. असा चेंडू वर उठत नाही. छातीच्या उंचीने, गोफणीतून सुटलेल्या गोट्यासारखा जातो आणि हव्या त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर कापतो. तो ग्रीनला न शिवता पलीकडे गेला आणि एकीचं मनगट मोडलं.

"मावशी, तो ओरडला ते ऐकू नाही का आलं?" मी दवाखान्यात विचारलं.

"आलं की. वरडला म्हनून तर हात वर क्येला."

त्या हाताच्या मागे त्यांचा चेहरा होता. ओरडणं ऐकू आलं नसतं तर काय झालं असतं, हे मी त्या रात्री पुन्हा पुन्हा मनात आखून पाहिलं. कुणी मला दोष दिला नाही, सगळ्यांनी तो मारणाऱ्याला दिला. पण मारणारा चुकणारच, हे धरून चालण्याचे पैसे मला मिळतात. नकाशावर सही माझी होती.

आमच्या पिढीने चुकलेल्या चेंडूचा विचार केला नाही असं नाही. टीवर उभं राहून निशाण्याच्या रेषेच्या दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा अंशांचा पंखा उघडायचा आणि त्या पंख्यात माणूस, रस्ता, खिडकी येऊ द्यायची नाही, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. दोनशे मीटरवर त्या पंख्याची एकेक बाजू चोपन्न मीटर होते, नव्वद मीटरवर चोवीस. छोट्या होलमध्ये जागा वाचते ती इथेच. आणि बहुतेक माणसं उजवी, त्यांचा चुकलेला चेंडू उजवीकडे वळतो, म्हणून कुंपणालगतची होलं प्रदक्षिणेच्या दिशेने फिरवायची. देवळात गाभारा उजव्या हाताला राहतो तसा कोर्सचा मधला भाग उजवीकडे राहतो, कुंपण आणि त्यापलीकडचा रस्ता डावीकडे. चुकलेला चेंडू आपल्याच आवारात पडतो. मोठ्या जागेत हे पुरतं. छोट्या जागेत रस्त्यावरून वाचवलेला तोच चेंडू शेजारच्या होलवरच्या माणसाच्या दिशेने जातो. हे कोडं मी सोडवलं आहे, असं मला वाटत होतं. पंखे एकमेकांत गुंफण्यात माझा हात कुणी धरणार नाही, अशी माझी खात्री होती.

दोन वर्षांपासून माझ्याकडे एक मुलगी शिकते. अपघातानंतर आठवड्याने तिने चौथ्या होलचा नकाशा समोर ठेवला आणि म्हणाली, "सर, हा पंखा ड्रायव्हरचा आहे. आपल्या कोर्सवर ड्रायव्हर आहे कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. ड्रायव्हरसारख्या लांब काठीची चूक आडवी जाते. आखूड काठीच्या चुका दोन: एक काठीच्या मानेला लागून लगेच उजवीकडे फुटणारी, आणि दुसरी ही पोटावर बसलेली, सरळ, बुटकी आणि बेफाम लांब. होल आखूड करताना मी पंखा आखूड केला, पण चूक बदलली आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. तीस वर्षं मी डावी-उजवीकडे बघत राहिलो आणि धोका ग्रीनच्या मागे होता. नेमका तिथेच मी सगळ्यांना नेऊन उभं करत होतो, वेळ वाचावा म्हणून.

मग आम्ही दोघं ओळीने काही रविवार त्या होलच्या कडेला बसलो. प्रत्येक चेंडू पहिल्यांदा जिथे जमिनीला लागेल तिथे माळी फक्कीचा ठिपका टाकायचा. दुपारी ग्रीनच्या मागच्या टेकाडावरून पाहिलं की हिरव्या जमिनीवर पांढरी आकृती उमटलेली असायची. पंख्यासारखी नव्हे, पतंगासारखी. ग्रीनच्या अलीकडे आणि उजवीकडे पसरलेलं अंग, आणि ग्रीनच्या पार मागे गेलेली बारीक, सरळ शेपटी. शेपटीत ठिपके थोडेच होते. त्यांची वाट मात्र माझ्या वीस पावलांवरूनच जात होती.

तेव्हापासून मी त्या शेपटीच्याच मागे आहे. ती कुठे ठेवायची?

पहिलं सुचलं ते बांध घालायचं. चेंडू बुटका जातो, तेव्हा ग्रीनच्या मागे पुरुषभर उंचीचा बांध त्याला अडवेल. अडवतोही. पण आपल्याकडचं पाणी ग्रीनवरून पुढे उतरवायचं असतं, आणि मागचा बांध आषाढात वरचं पाणी धरून ठेवतो. काळ्या मातीचा बांध पावसात फुगतो, वैशाखात तडकतो आणि तिसऱ्या वर्षी बसतो. मुरुमाचं पोट भरून वर वीतभर माती दिली, पायथ्याशी खडी आणि पाइप घातला, की पाण्याचं जमतं. पण बांधाने मागची माणसं झाकली जातात. मारणाऱ्याला पलीकडे कोणी आहे हे दिसत नाही, तो निर्धास्त होतो. जरा वरून गेलेला एखादाच चेंडू मग आधीपेक्षा वाईट. झाडांची रांग लावा, असं मालक म्हणतात. झाडांवर माझा जीव आहे, पण माणसाच्या सुरक्षिततेचा भार झाडावर टाकू नये. झाड वाढायला वर्षं घेतं आणि एका वादळात जातं.

पुढचा टी ग्रीनच्या डावीकडे न्यावा, तर प्रदक्षिणेमुळे डावीकडे कुंपण. उजवीकडे न्यावा, तर मानेला लागून फुटलेला चेंडू नाही तरी फक्कीच्या आकृतीचं रुंद अंग तिथेच. प्रदक्षिणा उलटी करावी, तर रस्ता उजवीकडे येतो. टीच्या कडा तीन अंश डावीकडे वळवून पाहिल्या. माणूस नकळत टीच्या कडेला समांतर उभा राहतो, त्यामुळे एकशे वीस मीटरवर निशाणा सहा-साडेसहा मीटरने सरकतो. ही युक्ती उपयोगी आहे आणि मी ती आता सगळीकडे करतो. पण त्याने शेपटीची फक्त दिशा बदलते, लांबी कमी होत नाही. ट्रेसिंगवर ट्रेसिंग मी फाडत गेलो.

जोडग्रीन करा, असंही सुचवलं गेलं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर सात जोडग्रीनं, म्हणजे दोन होलांना मिळून एक ग्रीन अशी, आहेत, अठरापैकी चौदा होलं त्यांवर संपतात, आणि जोडीतल्या होलांच्या आकड्यांची बेरीज दर वेळी अठरा येते. जाताना पांढरी निशाणं, परतताना तांबडी. हे वाचून आमच्यातल्या काहींनी चिमुकल्या जागेत जोडग्रीनं केली आहेत, आणि ती पाहिली की माझ्या पोटात खड्डा पडतो. सेंट अँड्र्यूजची ग्रीनं अफाट रुंद आहेत. तिथे दोन बाजूंनी समोरासमोर येणाऱ्यांना एकमेकांपासून लांब राहता येतं. साडेचार-पाच गुंठ्यांच्या ग्रीनवर दोन दिशांनी माणसं आणली, की एका होलची शेपटी दुसऱ्या होलच्या तोंडावर येते. नक्कल करताना आकृती उचलली जाते, आकारमान मागे राहतं.

लांबीचं वेड तर याहून जुनं. १८९८ मध्ये रबराच्या गाभ्याचा चेंडू निघाला तेव्हापासून चेंडू लांब जातो म्हणून कोर्स लांब, आणि कोर्स लांब म्हणून चेंडू आणखी लांब, असं चाललं आहे. १९८० च्या दशकात गोल्फपटू जॅक निकलस यांनी ग्रँड केमन बेटावर उलट वाट धरली. जागा कमी, तेव्हा चेंडूच निम्मं अंतर जाणारा करून घेतला. कल्पना शहाणपणाची होती. पण खेळणाऱ्याला स्वतःचा नेहमीचा चेंडू सोडवत नाही, आणि तो चेंडू फारसा कुठे रुजला नाही. आपल्याकडे आज बंगले विकण्यासाठी सात हजार यार्डांचे कोर्स आखले जातात. ते आखणाऱ्यांपैकी काही माझ्याहून हुशार आहेत. तरी मला हे पाप वाटतं. माझे वडील शेतकरी. त्यांचा जन्म हरळी उपटण्यात गेला. तीच हरळी मी पैसे घेऊन लावतो, त्यामुळे पाण्याचा हिशेब माझ्या मनातून कधी जात नाही. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी दिलं तर एकरी वीस हजार लिटर लागतं, म्हणजे दहा हजारांचे दोन टँकर. शंभर एकर भिजवायचे तर दिवसाला दोनशे टँकर. माझ्या छोट्या कोर्सवर टी, ग्रीन आणि त्यांच्या भोवतालचे मिळून आठ एकर भिजतात, सोळा टँकर. पाणी शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं असलं तरी ज्या तालुक्यात माणसं हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, तिथे हा फरक साधा नाही.

मात्र छोट्या कोर्सवाल्यांनीही सगळं खरं सांगितलेलं नाही, आणि त्यांत मी आलो. जमीन वाचते, पाणी वाचतं, डिझेल वाचतं. ग्रीनचा खर्च वाचत नाही. होल नव्वद मीटरचं असो की चारशेचं, ग्रीन तेवढंच आणि त्याची रोजची कापणी तेवढीच. टी तर मोठा करावा लागतो, कारण प्रत्येकजण लोखंडी काठीने मारतो आणि प्रत्येक फटक्याला गवताची ढपली निघते. वेळेचंही तसंच. आखूड होलवर एका वेळी एकच गट मावतो. तो ग्रीन सोडेपर्यंत मागचा टीवर थांबलेला. एका होलला आठ-नऊ मिनिटं लागत असतील तर त्याहून लवकर कुणाला सोडून उपयोग नाही. वीस पावलांनी मी खोळंबा कमी केला असं सांगत आलो. खरं पाहता मी तो फक्त ग्रीनजवळ आणून उभा केला होता. माणसं पुढच्या टीवर लवकर पोहोचायची आणि तिथे, शेपटीच्या वाटेवर, थांबून राहायची.

हे मला आधी कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण वीस पावलं ऐकायला सुंदर होती आणि ती माझी होती. मावशींच्या अपघाताच्या कितीतरी आधी एका माळ्याने मला त्या टीमागे सापडलेले चेंडू बादलीभर आणून दाखवले होते. मी ते हसण्यावारी नेलं. ती बादली आता माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी आखलेल्या तीन जुन्या कोर्सांना पत्रं लिहिली आहेत की अमुक टी हलवा, नकाशा मी फुकट करून देतो. एका ठिकाणी काम झालं. दुसरीकडून उत्तर नाही. तिसरीकडे मी पुढच्या महिन्यात स्वतः जाणार आहे.

वाट सापडली ती त्या मुलीला. समोरासमोर नव्हे, शेजारी-शेजारी दोन ग्रीनं, दोन्ही एकाच दिशेने मारायची, आणि दोघांच्या मागे मिळून एकच मोकळा पट्टा. त्या पट्ट्यात टी नाही, पायवाट नाही, बाक नाही, नुसतं वाढलेलं गवत. दोन शेपट्या एका जागेत. तिथलं गवत काढायचं ते कोर्स बंद असतो त्या सोमवारी. पुढचा टी आडवा, साठ-सत्तर पावलांवर. माणसं चालतील. चालताना ती सुरक्षित असतील.

अपघात झाला त्या कोर्सच्या बावीस एकरांत आम्ही हे मांडून पाहिलं. पट्ट्यांनी जागा खाल्ली आणि एक होल कमी पडलं. मालक म्हणाले, आठ होलांचा कोर्स कुठे असतो का? मी त्यांना सांगितलं की लीथला पाच होती. १८६० ची पहिली ओपन स्पर्धा प्रेस्टविकच्या बारा होलांवर तीन फेऱ्यांत झाली. सेंट अँड्र्यूजला १७६४ पर्यंत फेरी बावीसची होती. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये २०१२ सालचा बँडन प्रिझर्व्ह तेरा होलांचा आहे. आकडा रिवाजाचा आहे, जमिनीचा नाही. ते पटून नव्हे, थकून हो म्हणाले.

मावशी या दिवाळीनंतर कामावर परत आल्या. पावसाळी हवेत मनगट ठणकतं म्हणतात. बावीस एकरांत आठ होल बसतात. नववं बसत नाही.