चांदणी चौकातली मोड

चांदणी चौकात सकाळी दहाच्या आत पोचावं. दुकानांची शटर्स निम्मीच वर गेलेली असतात, हमाल हातगाड्यांवर कापडाचे गठ्ठे रचत असतात आणि हा रस्ता मुळात केवढा रुंद आहे, ते तेवढ्याच वेळात कळतं. पुढे रस्ता दिसत नाही, डोकीच दिसतात. लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा हा सव्वा किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये लाल ग्रॅनाइट घालून पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना मज्जाव. सायकलरिक्षांना मात्र नाही, आणि त्या ज्या बेतानं घोट्याला चाटून जातात ते पाहता ‘मोकळा’ हे विशेषण उद्‌घाटनाच्या भाषणापुरतंच खरं मानावं.

मी नोएडाहून येते, मंडी हाउसला गाडी बदलून लाल किल्ला स्टेशनाला उतरते. जिना चढून वर आलं की एका हाताला किल्ला आणि दुसऱ्या हाताला बाजार. पाहुणे सोबत असले की पाय किल्ल्याकडे वळतात. एकटी असले की मी त्याच्याकडे पाठ करते.

हा बाजार एका बाईनं वसवला. शाहजहाननं नवी राजधानी बांधली, आणि त्याच्या मुलीनं, जहाँआरानं, किल्ल्याच्या लाहोरी दरवाजासमोर १६५० च्या सुमारास हा रस्ता आखून घेतला. मधून कालवा, कडेनं झाडं, एका ठिकाणी मोठं तळं, आणि दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना उतरायला सराई. सुरत बंदराचं उत्पन्न बापानं तिच्या नावे करून दिलं होतं. सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ आठवतं. त्याच बंदराच्या जकातीवर दिल्लीतल्या एका शहजादीचा खर्च चालत होता, हे आठवायला मला चांदणी चौकात यावं लागलं. आज कालवा बुजला आहे. सराई १८५७ नंतर पाडली गेली आणि तिथे इंग्रजांनी टाउन हॉल बांधला. रस्त्यातून ट्राम धावू लागली, तीही साठच्या दशकात गेली. घंटाघर कोसळलं. जहाँआरा स्वतः निझामुद्दीनच्या दर्ग्यात उघड्या आभाळाखाली, गवत उगवलेल्या कबरीत आहे. तिनं केलेल्यापैकी टिकला तो एवढा एक उद्योग: लोकांनी इथे यावं, घासाघीस करावी, विकत घेऊन जावं.

आणि हे टिकणं काही साधं नाही. सुनहरी मशिदीच्या तीन छोट्या सोनेरी घुमटांखाली बसून १७३९ मध्ये नादिरशहानं कत्तल मांडली. शेजारी सीसगंज गुरुद्वारा, जिथे १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. १८५७ नंतर गावच्या गाव बाहेर हाकललं गेलं, फतेहपुरी मशीद लिलावात निघाली आणि ती लाला चुन्नामल यांनी विकत घेतली. त्यांची हवेली अजून याच रस्त्यावर उभी आहे, खाली कापडाची दुकानं, वर बंद खिडक्यांची लांबच लांब रांग. किल्ल्यातून जे गेलं ते परत आलं नाही. बाजारातून गेलं ते मात्र कोणीतरी पुन्हा आणून फळीवर मांडलं.

त्या दिवशी माझ्या पिशवीत जुनी चांदी होती. तुटके वाळे, चेपलेली अत्तरदाणी, दांडी निखळलेलं निरांजन, आईच्या कपाटातून वाटणीला आलेली. भाचीचं लग्न ठरलं होतं. ही मोड घालून तिच्यासाठी पैंजण आणि जोडवी घ्यायची, असा विचार. त्यासाठी दरीबा कलां.

दरीबा ही चांदीची गल्ली. एवढी अरुंद की समोरासमोरचे दोन सराफ बसल्या जागेवरून एकमेकांना सुट्टे पैसे देऊ शकतील. काचेआड कमरपट्टे, करंडे, देवांची आसनं, लहान मुलांचे खुळखुळे. आणि दारातच तराजू. तोंडाशीच १८१६ पासूनचं गुलाबसिंह जोहरीमल यांचं अत्तराचं दुकान आहे. तिथे काहीच घ्यायचं नसलं तरी उभं राहावं. कापसाचा फाया बुडवून मनगटाला लावतात आणि घाई करत नाहीत. कनौजचं मातीचं अत्तर लावलं की दिल्लीच्या कोरड्या थंडीत, नाक चोंदलेलं असतानासुद्धा, पहिल्या पावसाचं अंगण समोर येतं. आईची अत्तरदाणी माझ्या पिशवीतच होती. वितळायला निघालेल्या भांड्याला शेवटचा वास द्यावा असं क्षणभर वाटलं, पण असल्या भावुकपणाला दरीब्यात गिऱ्हाईक नाही. पुढे सरकले.

चांदीच्या आधी किनारी बाजारात जाऊन आले, कारण लग्न म्हटल्यावर तिथे न जाणं अशक्य. गोटा, किनार, जर, सलमा-सितारे, मोत्यांच्या लडी, वजनावर आणि वारावर. नवरदेवाचे सेहरे. रामलीलेतले मुकुट, आणि शेजारच्याच खिळ्याला रावणाची मिशी. इथे कलाकुसर आणि सामान यांत भिंत नाही. जी बाई दुपट्ट्याच्या कडेला गोटा लावून देते ती त्याला शिवणकाम म्हणते, आणि तोच दुपट्टा दक्षिण दिल्लीतल्या वातानुकूलित दालनात टांगला की त्याला वारसा म्हणतात आणि किंमत दसपट होते. मला दोन्हींत वाईट काही दिसत नाही. फक्त गोटा लावणारीला त्यातलं किती मिळतं, हा प्रश्न विचारला की दालनातली माणसं पाण्याचा ग्लास पुढे करतात.

याच बाजाराच्या पोटात नौघरा आहे. दारातून आत गेलं की आवाज एकदम कमी होतो. नऊ घरांची ही बंद गल्ली, जैन जवाहिऱ्यांची. रंगवलेल्या चौकटी, दगडात कोरलेली फुलं, उंबऱ्यांशी पायऱ्या आणि टोकाला देऊळ. हिवाळ्यात बाजाराच्या तोंडाशी दौलत की चाटवाला परात घेऊन उभा असतो: दुधाचा फेस, त्यावर केशर, खवा, पिठीसाखर. जिभेवर ठेवेपर्यंत असते, नंतर नसते. मी एक द्रोण घेतला, मग अजून एक.

दरीब्यातल्या सराफानं पैंजण दाखवले. जाळीचे, घुंगरांचे, मीना केलेले. एक जोड मला आवडला. कुठला, म्हणून विचारलं तर अभिमानानं म्हणाला, “कोल्हापूर साइड का है, मैडम. हुपरी. वहाँ जैसी पायल कोई नहीं बनाता.” हुपरी! त्या गावात घरोघर चांदीची कामं चालतात आणि तिथला माल देशभर जातो, हे माहीत होतं. पण मोगलांच्या गल्लीत दिल्लीचा सराफ मला हुपरीची थोरवी ऐकवतो आहे, हा प्रकार नवा होता. जोडवी काही मिळाली नाहीत. इथल्या बिछव्या नाजूक, आपल्या जाड वेढ्यांची त्याला कल्पनाच नव्हती.

मोडीचं वजन झालं. शुद्धता किती, ते गाळल्याशिवाय सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. “सामने गलवा लो, तसल्ली रहेगी.” दुकानातला पोरगा बरोबर दिला आणि आम्ही कूचा महाजनीकडे निघालो.

याच रस्त्यावर गौरीशंकराचं देऊळ आहे. शिंद्यांच्या चाकरीतल्या आपा गंगाधरांनी ते अठराव्या शतकात बांधलं, असं सांगतात. मराठी माणसाचा दिल्लीतला इतिहास म्हणजे बहुधा हीच नावं: १७३७ ला वेशीवर येऊन गेलेला बाजीराव, शाह आलमला १७७२ मध्ये परत गादीवर बसवणारे महादजी. आणि त्या दोघांच्या मध्ये सदाशिवरावभाऊ. १७६० च्या पावसाळ्यात भाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा लष्कराला द्यायला पैसा नव्हता, धान्य नव्हतं, खंडणी येत नव्हती. दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून त्यांनी वितळवलं आणि त्याची नाणी पाडली. सूरजमल जाटाला ते रुचलं नाही. पुढे पानिपत झालं, आणि छताची गोष्ट आपण जरा खालच्या आवाजात सांगू लागलो. मला ती लपवण्यासारखी वाटत नाही, मिरवण्यासारखीही नाही. उपाशी फौजेनं छताकडे पाहिलं, एवढंच.

कूचा महाजनी ही सोन्या-चांदीच्या घाऊक व्यवहाराची गल्ली. खाली पेढ्या, रखवालदार, भाव ओरडून सांगणारे फोन. वर जिना चढून गेलं की खोल्या लहान होत जातात आणि उष्मा वाढतो. अशा एका खोलीत भट्टी होती, मूस होती, लांब सांडशी होती, आणि गंजीफ्रॉकातले पन्नाशीचे एक गृहस्थ खांद्याला फोन दाबून बोलत होते:

“आरं पर डाळिंबाला पानी सोडलं का न्हाई त्ये सांग की आदी!”

मी हसले. त्यांनी फोन ठेवला. “ताई, मराठी व्हय तुमी? बसा की. च्या सांगतो.”

विट्याकडचे. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गेल्या शतकात पोट भरायला बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळण्याचा धंदा शिकली. कोइमतूरपासून कोलकात्यापर्यंत सराफकट्टा दिसला की मागच्या बोळात गलाईवाला मराठी निघतो. ना त्यांच्यावर बखर आहे, ना पोवाडा. गावाकडे मात्र त्यांनी बांधलेली घरं आहेत, जीर्णोद्धार केलेली देवळं आहेत, आणि यात्रेला सगळा हिंदुस्थान गावात उतरतो. पातशाही राखायला आलेले परतले. तेजाबाचा धूर छातीत घेऊन गाळायला आलेले अजून इथेच आहेत. दिल्लीशी आपलं खरं नातं कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी या जिन्याकडे बोट दाखवीन.

त्यांनी वाळे, निरांजन, अत्तरदाणी मुशीत टाकली. वर टाकणखाराची चिमूट. चांदीला वितळायला ९६१ अंश लागतात. त्यांना अंशांशी काम नव्हतं, ते रंग बघत होते. मळ टाकणखारात धरला जाऊन वर आला, तो त्यांनी बाजूला सारला आणि रस साच्यात ओतला. आईचं देवघर आणि आईचा हळदीकुंकवाचा थाट एका बोटभर लगडीत मावला. तुकडा कापून यंत्राखाली ठेवला.

“चौऱ्याऐंशी टंच. जुन्या मालाला वाईट न्हाई. निरांजनाला डाग लई व्हता.”

चहा आला. टेंभू योजनेचं पाणी गावात आल्याचं त्यांनी सांगितलं. शेती हिरवी झाली, पण मुलगा इथेच वाढलेला, त्याला आटपाडीचा बाजार माहीत नाही, पहाडगंज माहीत. मी त्यांना दिवाण-इ-खासच्या छताची गोष्ट सांगितली. सांडशी खाली ठेवून त्यांनी ती नीट ऐकून घेतली.

“पानपताच्या आदी का मागनं?”

“आधी. पाच महिने आधी.”

“आन् छत निस्तं चांदीचं, का सोनंबी व्हतं त्येच्यात?”

“सोन्याचं कामही होतं म्हणतात.”

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर हळहळ होती, पण ती बादशहासाठी नव्हती, भाऊंसाठीही नव्हती.

“मग चांदी आदी तेजाबात इरगळायची, ताई. सोनं खाली बसतंय, त्ये येगळं काढायचं, मग चांदी परत धरायची. फौज दारात उपाशी म्हटल्यावर कोन थांबतंय? घाईघाईनं मुशीत घातलं असंल. सोनं समदं रुपयात गेलं बगा.”