अदत्त किनारा

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी तिसरे व्रत अचौर्याचे. शास्त्रकारांनी चोरीसाठी ‘अदत्तादान’ असा नेमका शब्द योजला आहे. जे दिलेले नाही ते घेणे, एवढाच त्याचा अर्थ. कुलूप फोडले की करारपत्र केले, हे तो पाहत नाही. देणाऱ्याने दिले का, एवढेच विचारतो. डहाणू तालुक्यातील वाढवणच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न सुमारे तीस वर्षे उभा आहे.

१९९७ च्या सुमारास राज्य शासनाने पी अँड ओ या परदेशी कंपनीच्या साहाय्याने येथे महाकाय बंदर उभारण्याचे योजिले. मच्छीमार, बागायतदार, दागिन्यांचे साचे घडविणारे कारागीर यांची संमती कोणी घेतली नव्हती. डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरलेला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी होते. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने बंदर अनुज्ञेय नसल्याचा निर्णय दिला आणि ती योजना मागे पडली.

पुढे योजना नव्या रूपाने परतली. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह अनुमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव होणार आहे. बारा लाख रोजगार निर्माण होतील, असे शासन सांगते. अनेकांतवादी मनाने ही बाजूही ऐकली पाहिजे. व्यापार हा जैन समाजाला परका नाही, आणि बंदराविना व्यापार नाही.

येथे एखादा श्रावक शंका घेईल : मासेमारी ही तर हिंसा; मग मच्छीमारांची बाजू आपण का घ्यावी? शंका प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिक हवे. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत सरोवरे व तळी आटविण्याचा व्यवसायही येतो, कारण त्यात असंख्य जलचरांचा सरसकट घात होतो. जाळ्यातून काही जीव तरी सुटतात. भरावाखाली गाडल्या गेलेल्या खडकाळ तळातून कोण सुटणार? माशांच्या प्रजननाची जागाच नाहीशी झाली, तर अजून न जन्मलेल्या जीवांचाही आश्रय जातो.

दुसरे असे की, माणसाच्या संमतीचे मोल त्याच्या आहारावरून ठरत नाही. ज्याचे अन्न आपल्याला मान्य नाही, त्याचे घर त्याला न विचारता घेणे धर्मसंमत कसे होईल? अहिंसेचा आधार घेऊन अचौर्य मोडता येत नाही. व्रते परस्परांना सांभाळतात.

उद्या या बंदरातून कोणाचा कापड, कोणाचा हिरा, कोणाचे औषध परदेशी जाईल. त्यांत आपल्या पेढ्याही असतील. परिग्रहाचे परिमाण घेतलेल्या गृहस्थाने तेव्हा नफ्याचा आकडा मांडण्यापूर्वी एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहावा : हे ज्यांचे होते, त्यांनी दिले का?