पाकोळीचा चातुर्मास

माउली, तुमच्या घराच्या छज्जाखाली किंवा जिन्याच्या छताला चिकटलेली मातीची अर्धी वाटी तुम्ही पाहिली आहे का? पाहिली असेल तर ती कुणाची आहे, हे झाडू हातात घेण्याआधी विचारा, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

आम्ही विष्णुपुरीत राहतो. नांदेडहून लातूरकडे निघाले की गोदावरी ओलांडून लागणारे हे गाव. एका अंगाला शंकरसागर जलाशय आणि काळेश्वराचे देऊळ, दुसऱ्या अंगाला विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय, सरकारी दवाखाना. शेते होती तिथे आता चार-चार मजल्यांच्या इमारती आहेत. आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात, गेली काही वर्षे पाकोळीची एक जोडी राहते.

ही पाकोळी आपल्या गावाकडच्या अंगणातली नव्हे. इंग्रजीत हिला डस्की क्रॅग मार्टिन म्हणतात, म्हणजे कड्यावर राहणारी काळपट पाकोळी. चिमणीएवढीच, धुरकट तपकिरी. वळताना शेपूट पसरली की त्यात पांढरे ठिपके चमकतात. डोंगराचे कडे, लेणी, गडकोटांच्या तटबंद्या ही तिची मूळ वस्ती. खडक पुढे झुकलेला असेल तिथे त्याच्या आडोशाला ती चिखलाच्या गोळ्या एकावर एक चिकटवते, आत मऊ पिसे अंथरते आणि दोन ते चार अंडी घालते. दिवसभर कड्याच्या अंगाने येरझाऱ्या घालत उडते किडे टिपते. आवाज अगदी हळू, ‘चिट्‌ चिट्‌’ असा. मृदंग-टाळाच्या गजरात तो ऐकू यायचा नाही, पण पहाटे हरिपाठाला बसलो की जिन्यातून येतो.

मग ही डोंगर सोडून आमच्याकडे का आली? मला वाटते, तिने डोंगर सोडलेलाच नाही. उभी भिंत, वर पुढे आलेला सिमेंटचा छज्जा, पावसाचा थेंब लागत नाही असा कोपरा, एवढे मिळाले की तिच्या लेखी तो कडाच. आम्ही फ्लॅट म्हणतो, हप्ते भरतो. तिला तिथे नवा डोंगर उभा राहिलेला दिसतो. चिमणीचे मात्र उलटे झाले. माळवदाच्या घरात तिला किलचनाच्या फटी होत्या, देवळ्या होत्या, भिंतीवरच्या तसबिरीमागे जागा होती. नव्या गुळगुळीत घरात तिला शिरायला फट नाही. ज्या बांधकामाने चिमणीला बाहेर काढले, त्यानेच पाकोळीला बोलावणे धाडले. याला प्रगती म्हणावे की नुकसान, मला ठरवता येत नाही.

असे दूर देशीही घडले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगररानात जुंको नावाचा लहानसा गाणारा पक्षी वीण करतो. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांतले काही सॅन दिएगो इथल्या विद्यापीठाच्या आवारात उतरले आणि तिथेच घरटी करू लागले. अभ्यासकांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवली. डोंगरातल्या भाऊबंदांपेक्षा त्यांच्या शेपटीतला पांढरा रंग कमी झाला, विणीचा हंगाम लांबला, माणूस बराच जवळ आला तरी ते उडेनासे झाले. आणि गाडीघोड्यांच्या गोंगाटात ऐकू जावे म्हणून की काय, त्यांच्या गाण्याची पट्टी वर चढली.

हे वाचले तेव्हा मला आपले नामदेवराय आठवले. इथून जवळच्या नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले, ते पंजाबात घुमानला जाऊन राहिले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत, आणि त्यांची भाषा मराठी अभंगांची नाही, तिकडच्या लोकांना कळेल अशी आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात ती वाणी आजही कानी पडते. बोल बदलले, आळवणे तेच. (पाखराची आणि संतांची तुलना कुणाला खटकेल. पण ज्ञानोबारायांनी विठ्ठल येण्याचा शकुन कावळ्यालाच विचारला होता, हे विसरू नये.)

आता मुद्द्याचे. या पाकोळीची वीण बहुतेक पावसाळ्यात, जून ते ऑक्टोबर. चिखल तेव्हाच मिळतो, किडेही तेव्हाच. म्हणजे साधारण आषाढी ते कार्तिकी, आपला चातुर्मास. या चार महिन्यांत साधूंनी एका जागी राहावे, कारण वाटेवर उगवलेला, रांगणारा जीव पायाखाली येतो, असे आपण ऐकत आलो. आणि याच काळात दसरा येतो, दिवाळी येते, जळमटे निघतात, भिंतींना रंग लागतो. घरट्यात पिले असतात नेमकी तेव्हाच बांबूला झाडू बांधला जातो.

मागच्या दसऱ्याआधी आमच्याकडेही रंगारी आले. पायऱ्यांवर विष्ठा पडते, पाहुण्यांपुढे लाज वाटते, असे काहींचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. रोज पायरी पुसणाऱ्या बाईंचा त्रास खराच आहे. वाटीच्या काठावर तीन चोची दिसत होत्या. तळमजल्यावरच्या काकू, गळ्यात माळ, पायी वारी केलेल्या. त्यांनी वाद घातला नाही. रंगाऱ्याला म्हणाल्या, “बाबा, ते सोडून बाकीचं कर. पिलं उडाल्यावर बघू.” आणि घरट्याखाली जुन्या रद्दीचा कागद अंथरला. रोज सकाळी तो त्याच बदलत.

पिले उडाली. पण ही पाकोळी तेच घरटे डागडुजी करून पुन्हा वापरते, त्यामुळे ते ‘बघू’ अजून शिल्लक आहे. कोपऱ्याला जाळी ठोकावी असे काहींचे मत, खाली एक फळी बसवली की भागेल असे काकूंचे. फळीला खर्च फार नाही. मी फळीच्या बाजूने आहे. बैठक आषाढीच्या आत घ्यायची ठरली आहे, कारण एकदा ओला चिखल लागला की मग उशीर होईल.