गमत नाही

दरवर्षी दिवाळी झाली की दोन-तीन मुली माझ्याकडे येतात. मानसशास्त्रात एम.ए. झालेलं असतं किंवा व्हायचं असतं, कुठल्याशा रुग्णालयात इंटर्नशिप चालू असते आणि हातात एक प्रश्नावली असते. "मॅडम, हे जरा इकडच्या बोलीत करून द्या ना." यवतमाळात मी तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून त्या येतात. मला मानसशास्त्र येत नाही. वऱ्हाडी येते. आणि या जिल्ह्यात मनाचं काम शिकायचं तर आधी ती यावी लागते, हे या मुलींमुळेच मला कळलं.

त्यांच्या अर्जात एक रकाना असतो : क्लिनिकल आणि रिसर्च इंटरेस्ट. कोणत्या रुग्णांसोबत काम करायला आवडेल, कशावर संशोधन करायचं आहे. मुली लिहितात : ट्रॉमा, न्यूरोसायकॉलॉजी, किशोरवयीन मुलं, फॉरेन्सिक. विषय चांगलेच आहेत. पण बावीस वर्षांच्या मुलीसमोर अजून दुःखी माणूस नीट बसलेलासुद्धा नसतो. आवड आधी लिहून घेतात, माणूस मागून भेटतो. लग्नाआधी संसाराचं मत विचारावं तसं ते मला वाटतं.

त्यांच्या हातातली प्रश्नावली बहुतेक वेळा पीएचक्यू-९ असते. नैराश्य ओळखायचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त बेरीज २७. जगभर वापरतात. पहिल्याच प्रश्नात विचारायचं असतं की गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का. मी पहिल्या वर्षी हे वाक्य घेऊन संध्याकाळभर बसले. रस हा शब्द आमच्याकडे उसाचा किंवा आंब्याचा. आनंद हा शब्द लग्नपत्रिकेत. मनाचं काही बिघडलं की आमची माणसं एकच सांगतात : गमत नाही.

गमणं हा जुना शब्द आहे. जुन्या काव्यात गमे म्हणजे वाटे, भासे. शेजारच्या गुजरातीत गमवुं म्हणजे आवडणं. पुण्याकडचं 'करमत नाही' त्याच्या जवळ येतं, पण तेवढंच नाही. नवी नवरी सासरी गमत नाही म्हणून रडते. बैल विकला की गोठ्याकडे पाहून गमत नाही आणि पोळ्याच्या दिवशी तर घरातच गमत नाही. त्यात दुःख आलं, एकटेपण आलं, हातपाय गळणं आलं आणि जागेशी तुटलेला धागाही आला. 'मी उदास आहे' म्हणणारा स्वतःबद्दल बोलतो. 'मले गमत नाही' म्हणणारा स्वतःबद्दल आणि घराबद्दल एकदमच बोलतो.

तर पहिला प्रश्न आम्ही 'गमत नाही' असा केला. मग दोन आठवडे अडले. गावात आठवडे कोण मोजतो? बाजार मोजतात. म्हणून 'मागच्या दोन बाजारांपासून' असं केलं. ज्या मुलीने हे कागदावर उतरवून घेतलं ती नागपूरची होती. अर्जात तिने न्यूरोसायकॉलॉजी लिहिलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकदा सोबत चला."

राळेगाव तालुक्यातलं एक गाव. डिसेंबर. ओसरीवर कापसाचा ढीग आणि त्यापाशी पन्नाशीची एक बाई. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. ती कापसातली कवडी वेगळी काढत होती. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, त्याला भाव नाही. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिच्या बोटांची अग्रं चिरली होती आणि त्या चिरांत कापसाचे तंतू अडकून पांढऱ्या रेघा दिसत होत्या. तिने वर पाहिलं.

"काहून आली वं पोरी इतक्या दूर?"

"बोलायला आले, काकू."

"बस मंग. पन माह्ये हात चालू राह्यतीन."

मुलीने पहिला प्रश्न विचारला. दोन बाजारांपासून गमत नाही, असं होते का? बाई म्हणाली, "दोन बाजार कायले? पोया झाला तवापासून." मुलीने तीन गुण मांडले. पुढे झोप, भूक, थकवा. असं करत करत नववा प्रश्न आला. आपण जगूच नये असा विचार मनात येतो का, हे तिथे विचारायचं असतं. असं विचारलं तर नको तो विचार डोक्यात घातल्यासारखं होईल, ही भीती शिकाऊच काय, घरच्यांनाही असते. ती खरी नाही. विचारल्याने धोका वाढत नाही, हे संशोधनाने दाखवलं आहे आणि हे तिला वर्गात शिकवलंही होतं. तरी तिने माझ्याकडे पाहिलं, कागद खाली ठेवला आणि मग विचारलं.

बाईचा हात थांबला. अंगठा आणि बोट यांत कवडी तशीच होती. "वाटते. सकायी वाटते. मंग पोराचा डबा कराव लागते." आणि हात पुन्हा सुरू झाला.

प्रश्नावलीला हवं होतं किती दिवस. तिने सांगितली वेळ, आणि ती वेळ निघून कशी जाते तेही. मुलीने गुणांच्या चौकटीशेजारी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. ओसरीवरूनच तिने आपल्या डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी बाईची भाची तिला घेऊन यवतमाळला आली, उपचार सुरू झाले. त्या दिवशी परतीच्या एसटीत मुलगी मला समजावत होती : दिवसाच्या सुरुवातीला मन जास्त खचलेलं असणं हे नैराश्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे, आणि डबा ही तिला धरून ठेवणारी गोष्ट आहे. मग खूप वेळ बोलली नाही. कळंब आलं तेव्हा म्हणाली, "डब्यावर कुणी संशोधन केलंय का हो, मॅडम?"

आत्महत्या करून गेलेल्या माणसांवर खूप संशोधन झालं आहे. १९५८ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये एडविन श्नाइडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागे राहिलेल्यांशी बोलून गेलेल्याचं मन उलगडायची पद्धत बसवली. तिला मानसशास्त्रीय शवविच्छेदन म्हणतात. आपल्याकडे वर्ध्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. प्रकाश बेहेरे यांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर २००८ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री'त लिहिलं. हे काम लागतंच. या जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह गेले, तेव्हा शेतकरी आत्महत्या हा विषय म्हणून कुणाच्या वहीत नव्हता. २०१७ पासून त्या तारखेला लोक अन्नत्याग करतात. पण रोज सकाळी उठून डबा करणारी जी माणसं तरली, ती कशी तरली याची वही मला अजून कोरीच दिसते. मला तो विषय सगळ्यांत मोठा वाटतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी हलक्याने घेत नाही. कापसाच्या भावाचं, कर्जाचं, पावसाचं दुखणं तुम्ही मनाच्या डॉक्टरच्या गळ्यात बांधता, म्हणजे सरकार सुटलं. खरं आहे, असं होऊ शकतं. म्हणूनच इथे शिकणाऱ्या मुलीला पीककर्ज कधी मिळतं, सावकाराचं व्याज कसं चढतं, २०१७ ला गुलाबी बोंडअळीने काय केलं, हे माहीत असलं पाहिजे. त्याच वर्षी फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात विसाहून जास्त माणसं दगावली, तेही. पण भाव वाढेपर्यंत त्या बाईला सकाळ ढकलायचीच आहे. दोन्ही गोष्टी एका ओसरीवर आहेत. मदतीने फरक पडतो, हे आमच्या शेजारीच दिसलं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम दीड वर्ष चालला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना ऐकायला आणि आधार द्यायला शिकवलं, वर समुपदेशक, त्यावर मनोविकारतज्ज्ञ. आधी नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के कुणाकडे उपचारासाठी जात होते, नंतर २७.२ टक्के जाऊ लागले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'ने हा अभ्यास छापला.

झिम्बाब्वेतही डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याबाहेरच्या बाकावर वस्तीतल्या आज्यांना लोकांचं ऐकायला बसवलं. तिथे नैराश्याला शोना भाषेत कुफुंगिसिसा म्हणतात, म्हणजे फार विचार करत राहणं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे "लय इचार येते" म्हणतात ते हेच ना? त्या आज्यांनी आधी लोकांचा शब्द धरला, मग माणूस.

आणि शब्द चुकीचा पडला की काय होतं? शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला सरकारी मदत मिळते, एक लाख रुपये. त्यासाठी सातबारा, कर्ज, थकबाकी, वसुलीचा तगादा यांचे कागद जुळावे लागतात. जुळले तर प्रकरण 'पात्र', नाही तर 'अपात्र'. मक्त्याने शेती करणाऱ्याने स्वतःच्या नावाचा सातबारा आणायचा कुठून? पैसे न मिळण्याचं दुःख वेगळं. पण एका विधवेने मला तो कागद दाखवून विचारलं होतं, "अपात्र कोन? थे, का मी?" गेलेल्या माणसावर मारलेला शिक्का मागे राहिलेलीच्या शोकाचं काय करतो, हा क्लिनिकल विषय नाही तर काय आहे? अर्जाच्या त्या रकान्यात हा विषय लिहिणारी मुलगी मला अजून भेटायची आहे.

याच जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी, मारेगावकडे कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे पाडे, आहेत. तिथे तर माझी वऱ्हाडीही थिटी पडते. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. तिच्यात मन बिघडल्याला काय म्हणतात, हे त्या पोडावरच्या शिकलेल्या मुलीच सांगू शकतील. त्यांच्यातली एखादी मानसशास्त्राला यावी, अशी माझी फार इच्छा आहे.

नागपूरच्या त्या मुलीची इंटर्नशिप मार्चमध्ये संपली. शेवटच्या भेटीला मीही गेले होते. बाई गोळ्या नियमित घेत होती, झोप लागू लागली होती. शेतात पऱ्हाटी उपटून झाली होती. निघताना तिने मुलीचा हात धरला. चिरा भरून आल्या होत्या. "आता कवा येशीन?"

मुलीला उत्तर देता आलं नाही. पुढे तिची परीक्षा होती, मग क्लिनिकल सायकॉलॉजीच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची प्रवेशपरीक्षा, भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीसाठी तेव्हा ते लागायचं. ती पुढे गेली पाहिजे, प्रश्नच नाही. गावात आशा कार्यकर्त्या आहेत, टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येतं; तो आम्ही तिच्या भिंतीवर खडूने मोठा लिहून आलो. पण आमच्या इंटर्नशिपा दिवाळीला सुरू होतात आणि मार्चला संपतात, म्हणजे घरात थोडाफार कापूस आणि चार पैसे असतात तेवढेच महिने. बियाण्याला पैसे नाहीत, बँकेचा कागद अडलेला आहे, आभाळाकडे डोळे लागले आहेत, ते दिवस मे-जूनचे. तेव्हा मुली परीक्षेत असतात.

विभागप्रमुखांना, प्राध्यापकांना माझी एवढीच विनंती आहे : तारखा बदला. मृग ७ जूनच्या सुमाराला लागतो. त्या आठवड्यात आमच्या गावांत मुली हव्या आहेत.